फोटोबाहेरचा पखवाज

शनिवारी दुपारी मी तूरडाळ निवडत बसले होते, तेव्हा मीच काढलेला फोटो फिरून माझ्याकडं आला. आमच्या बजाजनगरच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. खाली ओळ होती, ‘गळ्यात माळ, तोंडात कबाब. बिडकीनच्या सप्त्यातले पखवाजवाले बुवा ओळखा.’

मी ताट बाजूला सारलं. हात पुसायचंही सुचलं नसावं, कारण नंतर फोनभर डाळीची पूड दिसली.

फोटो शहागंजातला, मागच्या रविवारी संध्याकाळचा. दर रविवारी आम्ही पाच-सहा जणं कॅमेरे घेऊन संभाजीनगरात हिंडतो. कुणी चहा गाळतंय, कुणी रिक्षात पाय वर करून झोपलंय, कुणी बांगड्या भरून घेतंय, असलं टिपतो. कुणाला उभं करायचं नाही, सांगायचं नाही, आहे तसं घ्यायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी कबाबाच्या गाड्याचा धूर उतरत्या उन्हात तिरका पसरला होता. त्या धुरापुढं पन्नाशीचा एक माणूस. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, तोंड उघडं, आणि उजव्या हातातला तपकिरी गोळा तोंडापासून वीतभर. मी बटण दाबलं आणि पुढं गेले. घरी येऊन फोटोच्या कडा कापल्या, नीटनेटका केला आणि ‘भूक’ असं नाव देऊन आमच्या ऑनलाइन पानावर टाकला. लोकांना लई आवडला. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू.

माझ्याही गळ्यात माळ आहे. तरी माझ्या मनात कबाब आलाच नव्हता. मला वाटलं, बिचारा गुलगुला खात असेल, नाहीतर भजं. धूर म्हणजे नुसता धूर.

आता ती ओळ वाचून पाहिलं, तर फोटोत दुसरं काही दिसेचना.

आणि बिडकीनचे पखवाजवाले म्हणजे अजिनाथबुवा. त्यांचा पखवाज मी सात-आठ कीर्तनांत ऐकला होता. महाराज आख्यानात रंगले की अजिनाथबुवा हात एकदम हलका करतात, शब्दाला वाट देतात, आणि चरण संपला रे संपला की धूम, म्हणजे पखवाजाचं डावं तोंड, अशी घुमवतात, की टाळांच्या वर ऐकू येते. हात मी अंधारातही ओळखला असता. चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता. कीर्तनात मी डोळे मिटून बसते.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आमच्या पानावरून फोटो काढून टाकला. अर्ध्या तासात त्याच ग्रुपवर दुसरा निरोप आला, ‘टाकणारीनं घाबरून फोटो काढून टाकला. म्हणजे खरंच हाये.’

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई आशाबाई, दारात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना फोन दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्यो अजिनाथ?" त्या म्हणाल्या. "तू काढलास?"

"व्हय."

"आन् भूक असं तूच लिवलंस?"

मी मान हलवली.

"उद्या सप्त्याचं शेवटचं, काल्याचं कीर्तन हाये बिडकीनला. त्याला उभं करत्यात का आता?" त्यांनी शेंग तशीच ताटात टाकली. "मेंढरं राखणाऱ्या, मटण खाणाऱ्या घरातला माणूस. वीस वर्षं झाली माळ घालून. लोकं टपूनच बसलेली आसत्यात, कवा चुकतोय म्हणून. आन् तू त्यांच्या हातात ह्यो फोटू दिलास."

बुवांचा नंबर मंडळातल्या एकीकडून मिळवला. फोन बंद. पाच वेळा लावला, पाचही वेळा बंद.

कॅमेऱ्याचं कार्ड काढून मूळ फोटो उघडला. डाव्या कोपऱ्यात खाली, मी कापून टाकलेल्या जागेत, एक बाज होती. बाजेवर कुणाचा तरी गुडघा, आणि त्या गुडघ्याला टेकून पखवाजाचं डावं तोंड, अर्धं फडक्याखाली. मला ती अडगळ वाटली होती. चौकट मोकळी दिसावी म्हणून मी ती उडवली होती.

ऊन उतरायच्या आत मी शहागंज गाठलं. कबाबाच्या गाड्याला लागूनच पखवाज-तबला दुरुस्तीचं दुकान निघालं, इतकं अरुंद, की मिस्त्री आत बसला तर गिऱ्हाईक बाहेर बाजेवर. मिस्त्रीचं नाव सखाराम. मी मूळ फोटो पुढं धरला.

"हा गुडघा माझा, उजेडासाठी बाजेवर बसलो व्हतो," तो म्हणाला. "बुवांनी धूमला नवं कातडं बसवून घेतलं त्या दिवशी. मग घरून आणलेली कणीक काढली डब्यातून. डाव्या अंगाला कणीक थापल्याबिगर धूम बोलत नसती, ताई, तुम्हाला ठावं आसंल."

"मग ती तोंडाजवळ कशी?"

"बुवा आधी बोल तोंडानं म्हणत्यात. हातात कणीक तशीच, हातानं ताल, तोंडानं धुमकिट धुमकिट. मंग त्या बोलाला धूम लागंस्तोवर कणीक कमी-जास्ती करत्यात. तुम्ही नेमका तवाच काढला वाटतं फोटो." मी कापलेला फोटोही दाखवला, तसा तो पखवाजाची वादी ओढायचा थांबून म्हणाला, "पर पखवाज कुठं गेला ह्याच्यात?"

शेजारून गाड्यावरचे चाचा सळ्या फिरवत ऐकत होते.

"वो बुवा?" ते म्हणाले. "हौ, वो तो मेरे धुएँ से भी नाक पे गमछा धरते. मैंने बोला, बुवा, पानी तो पी लो. नक्को बोले. कबाब क्या खाते? तुमने फोटू में गमछा नै लिया क्या, बाई?"

गमछाही होता. खांद्यावर. तोही कापला गेला होता.

मूळ फोटो मी तिथल्याच एका दुकानात मोठ्या कागदावर छापून घेतला. रात्री जेवण गेलं नाही. कागद दोनदा पिशवीतून काढून पाहिला. पखवाज जागेवरच होता.

सकाळी स्कूटीवर आत्याला मागं बसवून निघाले. पैठण रस्त्याला ट्रकांची ही गर्दी. आत्या कानाशी सारखं बोलत होत्या, कागदाला घडी पडंल, त्यो ट्रक जाऊ दे. मला ऐकू येत होतं ते एकच, की कीर्तन दहाला उभं राहतं आणि आता साडेनऊ झाले.

मंडपात पताका, रांगोळी, मधोमध विणेकरी उभे. पखवाजाच्या जागी दुसरेच कुणी बसले होते. पैठणकडचे एक वादक, काल रात्री निरोप धाडून बोलावलेले. अजिनाथबुवा मंडपाच्या पार शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ मांडी घालून बसले होते. शेजारी त्यांची बायको रत्नमाला. समोर फडक्यात गुंडाळलेला पखवाज. मी पहिल्यांदा तो चेहरा नीट पाहिला. फोटोत होता तसाच होता, फक्त तोंड मिटलेलं.

"बुवा, मी दीपमाला," मी म्हणाले. "तो फोटो मी काढलाय."

त्यांनी वर पाहिलं, हात जोडले आणि परत खाली पाहिलं. रत्नमाला मात्र बोलली.

"आता काय काढायला आलात? चपला?"

आत्यांनी माझं कोपर धरलं आणि सरळ पुढं नेलं, सप्त्याचे कारभारी कडूबा पाटील जिथं हारांच्या टोपलीशी उभे होते तिथं. मी कागद उलगडला, शेजारी फोन धरला. हे कापलेलं, हे मूळ, हा पखवाज, हा गमछा, हातात कणीक आहे, सगळं एका दमात सांगितलं.

पाटलांनी कागद निरखला. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता. सात दिवस पंगती आणि आता हे.

"ताई, काल कापलेला होता, आज जोडलेला हाये," ते म्हणाले. "मोबाइलात आजकाल गाढवाला बी पंख लावत्यात. मी कुठला खरा मानू?"

"मी सांगते ना. मीच कापला."

"आन् मग काढून का टाकला?"

"घाबरले."

"तेच म्हणत्यात सगळी. घाबरली म्हणून काढला." त्यांनी कागद परत दिला. "अजिनाथला कालच इचारलं म्या. काय बोलंना."

"काय बोलू, पाटील," मागून बुवांचा आवाज आला. मंडप अजून अर्धा रिकामा होता, त्यामुळं हळू बोललेलं पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही फोटो पुढं धरला. त्यात मीच हाये. माळ माझी, तोंड माझं. मलाच वाटाया लागलं, खाल्लं का काय म्या."

मी विणेकऱ्यांपुढं गेले. वीणेला हात लावून म्हणाले, त्या माणसाच्या हातात कणीक होती, ही चूक माझी आहे. विणेकऱ्यांनी डोळे मिटून मान हलवली. ती मला होती की मनातल्या नामाला, कळलं नाही. बाया माझ्याकडं पाहत होत्या. पाटील घड्याळाकडं. महाराजांची गाडी आली म्हणून कुणीतरी सांगत आलं. टाळकरी दोन रांगांत उभे राहू लागले. मला वाटलं, झालं, संपलं. आता हा माणूस चपलांपाशी बसून दुसऱ्याचा पखवाज ऐकणार, पुढच्या गावचे लोक त्याला सप्त्याला बोलावणार नाहीत, त्याच्या पुढचेही नाहीत, आणि मी पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन पुन्हा शहागंजात.

पैठणकडच्या वादकांनी हात टाकून पाहिला. धूम बसकी निघाली, ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखी. त्यांनी कणीक खरवडली, पुन्हा लावली, पुन्हा वाजवलं. तसंच. त्यांनी एकदा पाटलांकडं पाहिलं, एकदा मागं. मग पखवाज तसाच उचलून मंडपाच्या शेवटाला गेले आणि अजिनाथबुवांपुढं ठेवला.

"बुवा, तेवढी लावून द्या. माझा हात बसंना आज."

पुढ्यात बेसूर पखवाज आला की वादकाचं बोट आपोआप निघतं, तसं बुवांचं निघालं. त्यांनी कणकेचा गोळा घेतला. पाण्याचा हात लावला, मळला. निम्मी कणीक थापली, निम्मी उजव्या हातात राहिली. तो हात वर आला, डोळे अर्धे मिटले, आणि तोंड उघडलं.

"धुमकिट धुमकिट तकिट तका."

हात तोंडापासून वीतभर. तपकिरी गोळा. बुक्का, माळ.

तो माझाच फोटो होता, कडेसकट.

"बघा की नीट," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "खातोय का त्यो? खात आसंल तर मी बी खाते, द्या मला थोडी."

कुणीतरी फिसकन हसलं. मग एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, ह्येच की." तिनं पदरातला फोन काढला, बुवांकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि शेजारणीला दाखवला. फोन हातोहात पुढं जाऊ लागला. काल ज्यांनी तो फोटो बघून तोंडाला पदर लावला असेल त्याच बाया आता माना वळवून वळवून ताडून बघत होत्या.

बुवांना यातलं काही कळलं नसावं. त्यांनी कणीक थोडी काढली, थोडी दाबली, थाप मारली, आणि धूम बोलली. मी डोळे न मिटता पहिल्यांदा ऐकली.

पाटील टोपलीपासून चालत मागं आले. म्हातारीच्या फोनातला फोटो पाहिला, मग बुवांच्या हाताकडं पाहिलं.

"अजिनाथ," शेवटी म्हणाले, "ऊठ. जागंवर बस. महाराज आलेत."

"यांना बोलावलंय ना तुम्ही," बुवा पैठणकडच्यांकडं पाहत म्हणाले.

"मी टाळ घेतो," पैठणकडचे वादक म्हणाले आणि टाळकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभेसुद्धा राहिले.

रत्नमालानं नवऱ्याच्या पखवाजावरचं फडकं सोडलं. माझ्याजवळून जाताना थांबली. "पाणी आणा वाटीभर," म्हणाली. "कणकेला लागंल." मी पळत जाऊन पाणी आणलं. तिनं वाटी घेतली, माझ्याकडं पाहिलं नाही.

महाराज उभे राहिले, नमनाला गजर झाला. मी आत्याच्या शेजारी खाली बसले. तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला. माझी मावसबहीण प्रेरणा, जालन्याहून. तिनं तोच फोटो पाठवला होता, कापलेला, त्याच ओळीसकट. खाली विचारलं होतं, ‘दीपाताई, हा कोण गं बुवा? इकडं सगळीकडं फिरतोय.’

जालन्यापर्यंत गेला होता तर. अजून कुठं कुठं गेला असेल, कुणाकुणाच्या पदरात, खिशात.

आत्यांनी डोळे वटारले, कीर्तनात फोन म्हणून. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी वाचलं, आणि मग स्वतःच पदर आडवा धरला, लोकांना दिसू नये असा.

"लिव," म्हणाल्या. "सगळं लिव."

टाळांच्या गजरात मी मूळ फोटो जोडला आणि अंगठ्यानं लिहू लागले. ‘हे अजिनाथबुवा. हातात कणीक आहे. डाव्या कोपऱ्यात पखवाज आहे, तो मी कापला होता. तुला ज्यांनी पाठवला त्यांना हा पाठव.’ तिला पाठवला. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर. मग आमच्या पानावर. समोर बुवांनी हात हलका केला होता, महाराजांच्या शब्दाला वाट दिली होती, आणि मी ग्रुपांच्या यादीत पुढचं नाव शोधत होते.