दह्याचा खरवस

वलवणच्या अंबूबाईला बढाई मारायची भारी हौस. लोणावळ्याच्या बाजारात तिला लेकीची सासू भेटली, कार्ल्याची धोंडाबाई. "बायजाला पाचवा लागलाय, खरवसाचे डोहाळे लागल्यात," ती म्हणाली. अंबूबाईची म्हैस गाभण होती, अगदी दिवस भरत आलेली. पण 'व्याली की कळवते' एवढं साधं बोलायला तिची जीभ वळेल तर शपथ! "आमची म्हस कालच व्याली की! परवा लेकीला घिऊन या," असं सांगून बाई मोकळी झाली. तोवर म्हैस व्यालेली असणारच, असा तिचा हिशोब.

म्हशीला तो हिशोब कुणी सांगितला नव्हता. पाहुणे यायच्या दिवशीही ती भरल्या पोटानं खुशाल रवंथ करत बसली होती. आता चीक आणायचा कुठून? अंबूबाईनं शेजारच्या विठाबाईकडून दूध आणलं, आटवून निम्मं केलं, त्यात घट्ट दही फेटून घातलं, गूळ घातला, जायफळ किसलं आणि पातेलं वाफेवर ठेवलं. वडी पडली, चांगली थरथरती. तिला आपलंच कौतुक वाटलं. गोठ्याचं दार तेवढं तिनं ओढून घेतलं.

बायजानं पहिलाच घास घेतला आणि म्हणाली, "आये, आंबट कसा ग लागतोय?"

अंबूबाईचा चेहरा पडला. धोंडाबाईनं एक तुकडा जिभेवर घोळवला. तिचा जन्म म्हशींत गेलेला, तिला काय सांगायचं? पण ती सुनेला म्हणाली, "पोटुशीच्या तोंडाला समदं आंबटच लागतंय. खा गुमान." आणि तिनं वाटी पुसून खाल्ली. विहीण आपल्याला सांभाळून घेतेय हे अंबूबाईला कळलं, आणि शरमेनं तिची कानशिलं तापली.

हात धुऊन धोंडाबाईनं कमरेची पिशवी सोडली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेलं पितळी घुंगरू होतं. ज्याच्या वाट्याचा चीक खाल्ला त्या रेडकाला काहीतरी बांधल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत.

"रेडकू कुटाय, इहीणबाई?"

अजूनही खरं बोलता आलं असतं. पण अंबूबाईच्या तोंडून निघून गेलं, "दगावलं."

बायजाचा घास हातातच राहिला. मग तो हात हळूच पोटावर गेला. "कशानं ग, आये?"

अंबूबाईनं तो हात पाहिला आणि आपण काय बोलून गेलो ते तिला उमगलं. बढाईपायी तिनं न जन्मलेलं पोर मारलं होतं, तेही भरल्या पोटाच्या लेकीसमोर. आपल्या जिभेला डाग द्यावा असं तिला झालं.

"न्हाई ग, न्हाई! दगावलं न्हाई, अजून झालंच न्हाई. म्हस गाभण हाय. ह्यो दह्याचा खरवस. म्या खोटं बोलले." तिनं धावत जाऊन गोठ्याचं दार उघडलं. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

धोंडाबाई उठून आत गेली. घुंगरू तिनं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं, परत येऊन बसली आणि वाटी पुढं केली.

"वाढा आजून थोडा. लेकीसाटी केलाय, वाया कशापायी जावा?"

अंबूबाईनं मान खाली घालून वाढलं. मग पातेलं लेकीकडं नेलं. बायजानं नको म्हणून मान हलवली. तिचा हात अजून पोटावरच होता.