मीटरवरचं नाव

जिन्याखालच्या मीटरवर मोहरीएवढा लाल दिवा आहे. घरात फक्त फ्रिज आणि एक पंखा चालू असेल, तर तो मिनिटाला नऊ वेळा लुकलुकतो. इस्त्री लावली की जवळजवळ सेकंदाला एकदा.

पूर्वी तिथे चकतीचा मीटर होता. श्यामकांत, माझे यजमान, दर रविवारी सकाळी टॉर्च घेऊन त्याच्यापुढे उभे राहत आणि त्यांच्या खांद्यावर बसून आमची सई रीडिंग मराठीत वाचून दाखवी. शाळा बंगाली, शेजार बंगाली. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक तिला कोलकात्यातल्या, बालीगंजच्या या जिन्याखाली कळला. लोडशेडिंगमध्येही हे दोघं खाली जायचे. वीजच नाही तर बघता काय, असं मी एकदा विचारलं. "चकती खरंच थांबलीय का, ते," ते गंभीरपणे म्हणाले.

चार वर्षांपूर्वी ते गेले. बँक, पेन्शन, फ्लॅट, सगळे कागद मी तीन महिन्यांत बदलून घेतले. मीटर तेवढा राहिला. रीडिंग घ्यायला येणारा माणूस दारातून "देवधरबाबू?" असं विचारतो आणि मी सांगते, बाहेर गेलेत. सई बंगळुरूहून फोनवर मीटरचं विचारते, तेव्हा मी म्हणते, बघते.

"जर्नल एक दिवस उशिरा दिलं तर कॉलेजातल्या मुलींना शून्य द्यायचीस तू," ती मागच्या महिन्यात म्हणाली. "स्वतःला किती देणार?"

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवूनही मी बंगळुरूत पाऊस आहे का, तेच विचारलं.

मंगळवारी दुपारी एक फोन आला. वीज कंपनीतून बोलतोय, असं तो माणूस बंगालीत म्हणाला. आवाज तरुण होता, अदबशीर. मीटरवरचं नाव आणि कागदपत्रं जुळत नाहीत, म्हणून संध्याकाळी सहाला लाइन कापली जाईल. एरवी मी दोन प्रश्न तरी विचारले असते. पण नावाचं ऐकलं आणि कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखे माझे कान तापले. चार वर्षांचं खोटं कुणीतरी शोधून काढलं होतं.

घाबरू नका माशीमा, मावशी म्हणावं तसं तो म्हणाला. त्याने एक लिंक पाठवली. तिच्यातून एक ॲप घ्यायचं, दहा रुपये भरायचे, नाव लगेच दुरुस्त होईल. मी चष्मा लावला. लिंकवर अंगठा टेकवणार, तेवढ्यात सवयीने विचारलं, तुमच्याकडे नाव कुणाचं आहे?

"श्यामकांत देवधर. कालच बोलणं झालं त्यांच्याशी. त्यांनीच तुमचा नंबर दिला."

अंगठा तसाच राहिला. हा माणूस चोर आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी फोन ठेववेना. चार वर्षांत हे नाव असं, माणूस शेजारच्या खोलीत असल्यासारखं, कुणी घेतलं नव्हतं.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, मीटरचं मला काही कळत नाही, बायकोशी बोला."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी, अगदी आवाज करून. मी फोन ठेवला, लिंक पुसली आणि कपाटातून विजेची फाइल काढली. बिलांवर त्यांच्या पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या, चार वर्षांपूर्वीच्या मार्चपर्यंत. त्यापुढची बिलं कोरी.

ताज्या बिलावर छापलेला कंपनीचा नंबर मी लावला आणि आलेल्या फोनचं सगळं सांगितलं. तिकडच्या मुलीने खात्यावर नजर टाकली आणि सांगितलं की, काही थकलेलं नाही, लाइन कापायची नोटीस नाही. कंपनी असली लिंक पाठवत नाही. त्या माणसाचा नंबर सायबर पोलिसांना कळवा. मी नंबर वाचून दाखवला, तिने तिच्याकडेही लिहून घेतला. मग तिने विचारलं, ग्राहक स्वतः बोलताहेत का?

बाहेर गेलेत, हे शब्द ओठांवर आले होते. तासाभरापूर्वी एक परका माणूस मला जवळजवळ हेच सांगत होता.

"हॅलो? श्यामकांतबाबू घरी आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "ते चार वर्षांपूर्वी वारले. मी त्यांची पत्नी, शकुन देवधर. मीटर माझ्या नावावर करायचा आहे."