ओतेंगच्या गाडीतला आवाज

सुआमेत, कुमासीच्या या गॅरेजवस्तीत, माझ्या शेडवर येणारी निम्मी गिऱ्हाइकं गाडीचा रोग घरूनच ठरवून येतात. मग मी कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही. आंटी आफ्रिये त्यातलीच. कुमासी ते ओफिन्सो सवाऱ्या नेणारी तिची ट्रोट्रो आत आली आणि सीटवरून उतरायच्या आतच ती म्हणाली, "मास्टर, गाडी टक् टक् वाजतेय. इंजिनाचं बेअरिंग गेलंय. यानं तेलाशिवाय गाडी पळवली. तेल विकून खाल्लं असणार."

'यानं' म्हणजे ओतेंगनं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. चार वर्षं तिची गाडी तोच चालवत होता. त्याच्या आधीचे तिघे वर्षभरही टिकले नव्हते. आंटीच्या तोंडापुढे टिकाव लागणं सोपं नाही.

"आंटी, पदरचं तेल घालीन, पण विकणार नाही," तो म्हणाला.

"मास्टर काय ते सांगतीलच. बेअरिंग गेलेलं निघालं की किल्ली इथं ठेवायची आणि चालू लागायचं."

मी आधी तेल पाहिलं. खुणेपर्यंत होतं, स्वच्छ होतं.

"आज सकाळीच घातलं असेल मेल्यानं," आंटी म्हणाली.

तिच्या नादी न लागता मी गाडी चालू करायला सांगितली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग गेलेलं असलं तर त्याच्या आवाजानं डोकं उठतं. इथं काहीच नव्हतं. रेस वाढवून पाहिली, तरी नाही.

"उभ्या गाडीत आवाज येत नाही, मास्टर," ओतेंग म्हणाला. "चढावर येतो. गिअर बदलला की टक्, खड्डा आला की टक् टक्."

"बघा, सगळं पाठ आहे याला," आंटी म्हणाली.

मग आम्ही ओफिन्सोच्या रस्त्याला लागलो. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ती सीट काढून मागे टाकली आणि उघड्या इंजिनापाशी मी उकिडवा बसलो. तोंडावर नुसती धग येत होती. मागून आंटीची टकळी चालूच होती. चढ आला, ओतेंगनं गिअर बदलला आणि आवाज झाला. मी टॉर्च मारला. झटक्यानं इंजिन जरा कललं की मागे पत्र्याला टांगलेलं काहीतरी त्याच्यावर आपटत होतं.

"बाजूला घे," मी ओतेंगला म्हणालो.

तारेला अडकवलेलं लहानसं पितळी कुलूप होतं ते. भोवती लाल कापडाची जळकी चिंधी. असं कुलूप आमच्याकडे कुणी शोभेसाठी बांधत नाही. मांत्रिक एखाद्या माणसाचं नाव घेऊन कुलूप लावतो, किल्ली नदीत टाकतो, की तो माणूस तुम्हाला सोडून जात नाही म्हणे. कापड होतं तोवर कुलूप गप्प होतं. इंजिनाच्या धगीनं कापड जळालं आणि ते वाजायला लागलं.

मागची टकळी एव्हाना थांबली होती.

"आंटी, हे तुमचं?" मी विचारलं.

"एक सिमेंटवाला याला आपल्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बोलावत होता. माझ्या कानावर आलं होतं," ती म्हणाली. मग ओतेंगकडे वळून म्हणाली, "तू जाऊ नयेस म्हणून बांधलं रे. तुझं वाईट नाही चिंतलं."

"सिमेंटवाल्याला मी त्याच दिवशी नाही म्हटलं होतं," ओतेंग म्हणाला. "तुम्ही एकदा विचारायचं होतं."

मी तार कापली. त्यानं कुलूप उचललं. चांगलंच तापलेलं होतं, तरी हातातून सोडलं नाही. गाडी शेडवर आणली, नीट सावलीत लावली आणि गाडीची किल्ली आणि ते कुलूप दोन्ही आंटीच्या हातावर ठेवलं.

"बेअरिंग चांगलं आहे, आंटी," तो म्हणाला आणि रस्त्याकडे चालू लागला.

मला दोघांचंही वाईट वाटलं. तिचं जरा जास्तच, कारण त्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच तिला काही सुचलं नाही.

त्यानंतर आंटीनं दोन ड्रायव्हर बदलले. मास्टरनं तार कापली म्हणून ओतेंग गेला, असं ती अजून सगळ्यांना सांगते.