सवेंग चंद्रावरून येतोय

सवेंगची थोरली बहीण आभाळात फुटली, तेव्हा त्याची बायको लामदुआन पोटातलं पाणी बदलत होती.

“गेली?” तिनं विचारलं.

“गेली.”

“किती वर?”

“ढगांच्या वर.”

“मागच्या खेपेपेक्षा बरी,” लामदुआन म्हणाली आणि खिडकीच्या हुकाला टांगलेल्या पिशवीकडे बघत राहिली.

खरी थोरली बहीण तीन घरं पलीकडे ओसरीत सुपारी कुटत बसली होती आणि तिची प्रकृती उत्तम होती. फुटली ती कॉम्प्युटरच्या खेळातली. या खेळात टाक्या, इंजिनं, नळकांडी एकावर एक चढवून आपणच अग्निबाण तयार करायचा, टोकाला एक बारकासा अंतराळवीर बसवायचा, त्याला नाव द्यायचं आणि उडवायचा. खेळ मुलखाचा प्रामाणिक होता. वजन जास्त झालं तर बाण उठत नसे, वाकडा जोडला तर वाकडा जाई आणि इंधन संपलं की संपलं, रडून उपयोग नसे. नावं ठेवायचं काम लामदुआनकडे होतं. आजवर सवेंगची आई, विमा एजंट, तालुक्याचा एक पुढारी आणि भाताचा दर पाडणारा एक व्यापारी जळून खाक झाले होते.

कॉम्प्युटर नातीचा, चोम्पूचा. ती रयोंगच्या कारखान्यात नोकरीला गेली तेव्हा भाड्याच्या खोलीत पलंग आणि कॉम्प्युटर यांपैकी एकच मावत होतं. तिनं पलंग निवडला. लामदुआनची मूत्रपिंडं बसली होती. रोज चार वेळा नळीनं पोटात पाणी सोडायचं, आधीचं काढायचं, आणि तेवढा वेळ जागचं हलायचं नाही. समोरची भिंत बघून बघून संपली, म्हणून तिनं कॉम्प्युटर लावला.

सवेंगला मात्र हे आपलं क्षेत्र वाटलं. जन्मभर तो भातगिरणीत हमाल होता, तरी गावात त्याची ओळख बाणवाला अशीच होती. यासोथोनच्या त्या भागात पावसाच्या देवाला जाग यावी म्हणून वैशाखाच्या सुमाराला माणसाहून लांब बाण उडवतात. बांबूत किंवा प्लास्टिकच्या पाइपात सोरा आणि कोळसा ठासायचा, वात पेटवायची आणि पळायचं. बाण सरळ गेला तर लोक खांद्यावर घेतात, फुटला तर बाणवाल्याला उचलून चिखलात टाकतात. सवेंगला गावातला सगळा चिखल ओळखत होता.

“सगळं एकदम का पेटवतोस?” लामदुआननं विचारलं.

“मग कधी पेटवू?”

“थोडं आत्ता, थोडं वर गेल्यावर.”

“बाण असा थांबत थांबत जातो होय? तो काय आइस्क्रीमवाला आहे?”

“सरक.”

“दुआन, बाईनं बाणाला हात लावायचा नसतो.”

लामदुआननं त्याच्याकडे पाहिलं. घर तिच्या आईबापाचं होतं. तिकडचे बहुतेक जावई सासरी राहायला येतात, तसा सवेंगही आला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी धुणं वाळत घालताना अंगणात पडलेला बाण तिनं ओलांडला. तो बाण उडवायच्या मचाणावरच फुटला आणि चिखलातून उठून सवेंग गावासमोर म्हणाला, “हिनं ओलांडला.” त्यानंतर दर वर्षी बाण बांधायला घेतले की लामदुआन मावशीच्या गावी जाई आणि उत्सव संपला की परत येई. चाळीस वर्षं. बाण फुटायचे काही थांबले नाहीत.

“हो ना,” ती शांतपणे म्हणाली, “मी हात लावला तर फुटेल. सरक.”

तो सरकला.

तिनं जोडलेला बाण दिसायला अगदीच दरिद्री होता. खाली दोन टाक्या, वर एक, त्याच्यावर एक पिटुकली. शेपूट नाही, रंग नाही. तो उठला, खालचा भाग टाकून दिला, हळूच आडवा झाला आणि पृथ्वीभोवती फिरायला लागला. पडेचना. सवेंगनं बराच वेळ तो पडायची वाट पाहिली.

“आज वारा बरा होता,” तो शेवटी म्हणाला.

“खेळात वारा नाही.”

“तेच म्हणतोय.”

त्या दिवसापासून ती बाण जोडी आणि तो कळा दाबी. सुरुवातीला तिच्या कामात खोड काढायला तो शेजारी बसे. पुढे पुढे खोड सापडेना, तरी बसत राहिला.

चंद्राचा बाण तयार झाला तेव्हा अंतराळवीराच्या नावाच्या जागी तिनं लिहिलं, सवेंग.

“मी का?”

“बाकीचे संपले.”

चंद्रावर पोचायला तीन दिवस लागले. खरे तीन दिवस. खेळात वेळ पळवायची कळ असते हे दोघांनाही माहीत नव्हतं. चंद्र लांब आहे, वेळ लागणारच, यात विचारण्यासारखं काय होतं? दोघांनी पाळ्या लावल्या. सवेंग भात रांधायला उठला की लामदुआन बघे, ती झोपली की तो बघे. बघण्यासारखं काहीच नव्हतं. काळ्या पडद्यावर एक पिटुकलं यान.

“गिरणीवर दिसला नाहीस?” शेजारच्या बुनसोंगनं कुंपणावरून विचारलं.

“चंद्रावर चाललोय.”

“येताना बर्फ आण.”

यान चंद्रावर उतरलं. छोटा सवेंग शिडीवरून खाली आला आणि राखाडी मातीत उभा राहिला. लामदुआन इतकी हसली की नळी हलली. दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला आणि पोटातून निघणारं पाणी गढूळ यायला लागलं.

ती इस्पितळात होती तेवढे दिवस छोटा सवेंग तसाच उभा होता. पोटाचा उपाय आता चालणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातातल्या शिरेतून, मोठ्या यंत्रावर, आठवड्यातून तीनदा शहरात यावं लागेल. लामदुआन नको म्हणाली. सवेंगनं एकदा, दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “मला घरी ने. त्याला तिकडून आणायचाय.”

“तो खेळ आहे, दुआन.”

“मग तर आणता आलाच पाहिजे.”

चंद्रावरून यान तिनं स्वतः उचललं. बोटं सुजली होती, एकेक कळ बघून बघून दाबत होती. नेम धरला, इंजिन चालवलं, बंद केलं, परत किंचित चालवलं. मग उशीवर मान टाकून म्हणाली, “झालं. आता आपोआप येतंय. नीट ऐक. हवा लागायला लागली की पाठ पुढे करायची. जाड भाग आहे ना, तो. तोंड पुढे केलंस तर जळशील.”

“बरं.”

“पॅराशूट ज्वाळा विझेपर्यंत उघडायचं नाही. कितीही भीती वाटली तरी.”

“तू आहेस ना.”

“ऐकलंस का?”

“पाठ पुढे. घाई नाही,” सवेंग म्हणाला.

आजवरच्या त्याच्या बाणांना खाली येणं असं नव्हतंच. वर गेला की कुणाच्या तरी शेतात पडे, पडताना कोणी बघत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोथिंबीर खुडून आत आला, तर लामदुआनची मान कलली होती. आपण आधी पडद्याकडे पाहिलं, हे त्याला नंतर फार लागून राहिलं. यान नीट चाललं होतं.

देवळातून शवपेटी आणली, काचेच्या झाकणाची, विजेवर थंड राहणारी. तिकडे प्रेत काही दिवस घरात ठेवतात. माणसं येतात, जेवतात, पत्ते खेळतात, म्हणजे घरच्यांना एकटं वाटू नये. पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली. कॉम्प्युटरही तिथंच होता. सवेंग दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसला.

चोम्पू सकाळच्या बसनं आली. रडून झाल्यावर तिनं पडद्याकडे पाहिलं.

“पोतू,” ती आजोबांना म्हणाली, “हे कधीपासून चालू आहे?”

“परवापासून. उद्या पोचेल.”

“असं नुसतं बघत बसलायत?” तिनं डोळे पुसले. “अहो, कळ आहे ना! ही दाबली की वेळ भरभर जातो. उद्याचं आत्ता होईल.”

सवेंगनं त्या कळीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणजे ते तीन दिवस पाच मिनिटांत झाले असते.

“उलटा जातो का?” त्यानं विचारलं.

“काय?”

“वेळ. मागे.”

“नाही, पोतू. फक्त पुढे.”

“मग राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्खू मंत्र म्हणायला आले, मागच्या दारी बायकांनी विजेच्या शेगड्या लावल्या, आणि यान पृथ्वीजवळ आलं. दिवे मंद झाले. कॉम्प्युटरनं एक कण्हल्यासारखा आवाज काढला.

“भार झेपत नाही, दादा,” बुनसोंग म्हणाला. अंत्यविधीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. “काहीतरी एक काढावं लागेल.” तो कॉम्प्युटरकडे बघत होता.

सवेंगनं लाउडस्पीकर काढला. मंत्र एकदम बारीक झाले. दिवे तसेच. त्यानं मागे जाऊन शेगड्यांवरच्या बायकांना हात जोडले. त्या म्हणाल्या, भिक्खूंना दुपारच्या आत जेवायचं असतं, उपाशी घालवायचे का? तो परत आला. पडद्यावर यानाच्या कडेला तांबूस रंग धरायला लागला होता. त्यानं वाकून पेटीचा प्लग काढला.

“अरे मेल्या!” थोरली बहीण ओरडली. “बायकोला उकडवतोस?”

“दहा मिनिटं. तिला चालेल.”

“तिला काय चालतं ते तुला काय ठाऊक?”

“हे एवढं ठाऊक आहे,” सवेंग म्हणाला आणि खुर्चीत बसला.

पत्ते थांबले. बुनसोंगनं सवयीनं पैज लावायला सुरुवात केली, पण सवेंगच्या बाजूनं पैसे टाकायला कोणीच तयार होईना, म्हणून ती मोडली.

त्यानं यानाची पाठ पुढे केली. ज्वाळा आल्या. आधी तांबड्या, मग पांढऱ्या, मग यान दिसेनासंच झालं. पेटवून पळणं एवढंच त्याच्या हातांनी जन्मभर केलं होतं. आता ते पळायला जागा शोधत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “उघड, उघड, जळतोय!” चोम्पूनं त्याचा खांदा धरला. थोरल्या भिक्खूंनी मंत्र म्हणताना तोंडापुढे धरायचा हातपंखा जरासा खाली केला; मंत्र चालू ठेवले, पण डोळे पडद्यावर. सवेंगचं बोट कळीवर होतं. दाबलं नाही. पांढरं परत तांबडं झालं, तांबडं विझलं, आणि काळं पडलेलं, होरपळलेलं, पण अख्खं यान निळ्या आभाळातून खाली पडू लागलं. मग त्यानं दाबलं.

पॅराशूट उघडलं.

कोणी ओरडलं नाही. त्या गावात बाण वर जाताना ओरडतात; खाली येणाऱ्याचं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. एका म्हातारीनं हात जोडले, तिचं बघून बाकीच्यांनीही जोडले. यान सावकाश, हेलकावत, समुद्रात उतरलं आणि तरंगत राहिलं.

सवेंगनं कॉम्प्युटर बंद केला. पेटीचा प्लग लावला. ती घरघरायला लागली, तसं लोकांनी पत्ते उचलले.

मागच्या दारानं जेवणं आली. मेलेल्या माणसाचं ताट आधी वाढतात, आणि पेटीवर बोटांनी ठोठावून त्याला हाक मारतात. त्याशिवाय त्याला कळत नाही. चोम्पू ताट घेऊन निघाली होती. सवेंगनं ते तिच्या हातून घेतलं. टोपलीतला चिकट भात, भाजलेला मासा, थोडी चटणी. पेटीशी जाऊन त्यानं बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

“दुआन,” तो म्हणाला, “पोचलो गं.”

भाताची वाफ थंड काचेवर धरली आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला. त्यानं ती बाहीनं पुसली. परत धरली, परत पुसली. भात निवेपर्यंत तो तिथंच उभा होता.