हातावर फोडलेलं खापर

सर म्हणजे महाहट्टी माणूस. प्रयोगशाळेत तोंडावर कुणी म्हणत नसे इतकंच. तीस वर्षं त्यांचा एकच धोशा होता. कोंबडीच्या अंड्यात दुसऱ्या दिवशी गर्भाच्या पाठीवरची सपाट पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाते, वळते, तिची नळी होते, आणि त्या नळीचाच पुढे मेंदू होतो. सरांच्या मते ही घडी पडायची ती मधल्या पेशी वरून आवळल्या जातात म्हणून, बटव्याची नाडी ओढावी तशी. पट्टी आपली आपण वळते, आजूबाजूच्या कातडीचा त्यात काय संबंध?

संबंध आहे, असं बारा वर्षांपूर्वी त्यांच्याच एका विद्यार्थिनीने दाखवलं होतं. सदान्‌कदा चिमटा हातात, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणत. तिने सोळा अंड्यांत पट्टीच्या कडेबाहेर सुईने बारीक चीर देऊन कातडी सुटी केली. पट्टीला जरासुद्धा धक्का लावला नाही, तरी उभ्या राहिलेल्या कडा खाली बसल्या. म्हणजे कातडी बाहेरून रेटत होती म्हणून त्या उभ्या होत्या.

हे तिने भर बैठकीत सांगितलं आणि सरांचं डोकं फिरलं. त्यांनी फोटो धड पाहिलेसुद्धा नाहीत, सगळं खापर तिच्या हातावर फोडून मोकळे झाले. हात जड आहे तुझा, म्हणाले, पट्टी तूच फाडलीस, नाजूक काम तुझं नव्हे. लोक हसले. पंधरा दिवसांत तिने गाशा गुंडाळला.

यंदा प्रकाशाच्या किरणाने चीर देणारं यंत्र आलं. चिमटीची चूक एकदाची सिद्ध करून टाकू, म्हणून सरांनी हौसेने तीच चीर दिली. पडद्यावर कडा हळूहळू खाली बसल्या. त्यांनी दुसरं अंडं घेतलं, तिसरं घेतलं, तेच. आता यंत्राला कुठला आलाय हात! सरांना स्वतःची लाज वाटली.

दोन दिवस त्यांना चिमटीला फोन लावायचा धीर होईना. ती एका विमा कंपनीत अर्ज तपासते, एवढं कळलं होतं. शेवटी लावला. माझं चुकलं, म्हणाले. शोधनिबंध तुझ्या नावाने छापू, तुझ्यासाठी जागाही मिळवलीय, येऊन पुन्हा सुई हातात घे. बरं वाटलं, म्हणाली, पण यायला नाही जमायचं. सरांनी कारण विचारलं.

"सर, मी तुमचं खरं मानलं होतं. माझी मुलगी सहा वर्षांची झाली. तिची नखंसुद्धा मी कधी कापली नाहीत, तिचा बाबा कापतो."