एकोणचाळीस गठ्ठे

"हे तुमच्याच कपाटातलं ना, अप्पा?"

साहेबांनी जाडसर कागदाचं लांबट कार्ड टेबलावरून सरकवलं. रामलिंग हलगे यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मगच कार्डाकडे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ही सवय अंगात मुरली होती.

"माझंच हाय. पण माझ्या हातून गेलं तवा चांगलं होतं."

जिंतूरच्या त्या पाणी-सर्वेक्षण कार्यालयानं दुष्काळाच्या सालात, बहात्तर ते पंचाहत्तर, तीनशे गावांतल्या विहिरींचं पाणी महिन्याच्या महिन्याला मोजलं होतं. ते आकडे कार्डांवर भोकं पाडून उतरवले आणि मूळ वह्या हुकुमाप्रमाणे रद्दीत गेल्या. कार्डांचे संच दोन केले होते. एक पुण्याच्या कॉम्प्युटरसाठी, दुसरा अडीअडचणीला जपून ठेवायला. ह्या दुसऱ्या संचाला सगळं ऑफिस 'नकला' म्हणायचं, आणि नकलांचे चाळीस गठ्ठे रामलिंगअप्पांच्या ताब्यात होते. पहिला संच गेल्या महिन्यात पुण्याला निघाला आणि एसटीच्या टपावर कुणाचा तरी रॉकेलचा डबा कलंडून त्याचा चोथा झाला. मग नकलांतला एक गठ्ठा नमुन्याला धाडला. पुण्याच्या मशीननं त्यातलं एकही कार्ड धड गिळलं नाही, सगळी तोंडातच अडकली. गठ्ठा तिकडेच राहिला. परत आलं ते हे एक कार्ड आणि सोबत चिठ्ठी: कडा खराब झाल्या आहेत, कुणीतरी हाताळलेली दिसतात, महिन्याच्या आत चांगली कार्डं पाठवा, नाहीतर हे काम बंद.

'कुणीतरी हाताळलेली.' बस्स, अप्पांना एवढंच पाहिजे होतं.

आता अप्पांचा स्वभाव सांगायचा तर हा माणूस घरच्या मांजरावरसुद्धा वहीम घ्यायचा. भागम्मानं, म्हणजे बायकोनं, डब्यात तीन भाकरी घातल्या तर हा विचारायचा, आज तीन कामून? नोकरीला लागला तो निजामाच्या काळात, तहसिलीच्या दफ्तरखान्यात. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं शिकवलं होतं, बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, असा आवळायचा की उंदराला दात घालता येऊ नये आणि माणसाला बोट. अप्पांनी ती शिकवण आयुष्यभर पाळली. शिवाय सुतळीला स्वतःची अशी एक गाठ मारायचे, दोन वेढे उलटे घेऊन. दुसऱ्या कुणी सोडून बांधली तर लगेच कळावं म्हणून.

"कपाटाची किल्ली आणखी कुणाकडं गेली होती का?" साहेबांनी विचारलं.

शिपाई सटवाजी अप्पांच्या डोळ्यांपुढून गेला, बदलून गेलेला जुना टंकलेखक गेला, आणि विचार येऊन थांबला तो कार्डांना भोकं पाडणाऱ्या तानुबाई वाव्हळेंवर. लेकीच्या लग्नाला अप्पा आठ दिवस रजेवर होते तेव्हा नवा गठ्ठा ठेवायला म्हणून तानुबाईंनी किल्ली मागून घेतली होती. खरं म्हणजे तीच किल्ली त्या आठवड्यात सटवाजीकडेही चार दिवस होती. पण सटवाजी अप्पांच्या गल्लीतला. तानुबाई पाथरीच्या बौद्धवाड्यातल्या, रोजंदारीवरच्या, आणि येऊन चार वर्षं होत नाहीत तोवर कायम व्हायला निघालेल्या. वहीम तिकडेच का गेला हे अप्पांनी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आवडलं नसतं.

त्यांनी तक्रार लिहून दिली. अक्षर मोत्यासारखं. साहेबांनी ती सगळ्या ऑफिससमोर वाचून दाखवली. तानुबाई पंचिंग मशीनपुढून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मी गठ्ठा ठेवला आन् किल्ली दिली. दुसऱ्या गठ्ठ्याला हात लावला न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग काय कार्डं आपल्या आपण वाकडी झाली?" अप्पा म्हणाले.

साहेबांनी तानुबाईंना चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्या कायम नेमणुकीचा कागद सहीसाठी टेबलावर होता, तो खणात गेला. संध्याकाळच्या गाडीनं त्या पाथरीला भावाकडे निघून गेल्या. अप्पांना त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकलं पाहिजे.

दोन दिवसांनी साहेबांनी चौकशीसाठी उरलेल्या एकोणचाळीस गठ्ठ्यांची तपासणी करायला सांगितलं. तानुबाईंनी आणखी कुठे कुठे हात मारला ते शोधून काढायचंच, अशा जिद्दीनं अप्पा दुपारी कपाटापुढे बसले. पहिल्या गठ्ठ्याची गाठ पाहिली. त्यांचीच होती, दोन उलट्या वेढ्यांची. दुसऱ्याचीही त्यांचीच. तिसऱ्याची, चौथ्याची. त्यांनी एकोणचाळीसच्या एकोणचाळीस गाठी पाहिल्या. एकही सुटलेली नव्हती.

तानुबाईंनी ठेवलेला गठ्ठासुद्धा रजेवरून आल्या आल्या अप्पांनी सोडून पुन्हा आवळला होता, भरवसा नको म्हणून. त्यांनी एक सुतळी कापली. वरचं कार्ड उचलून कडेवरून बोट फिरवलं. सुतळी जिथं होती, तिथं बरोबर खाच पडली होती. त्याखालच्या कार्डाला तिथंच. शेवटच्या कार्डापर्यंत तिथंच. तीन वर्षं आवळून आवळून सुतळी कडांमध्ये रुतली होती, आणि तिथली कड वर उचलली गेली होती. फायलीला असल्या खाचेनं काही होत नाही. मशीनला कड सरळ लागते.

कुणीच हाताळलं नव्हतं. हाताळणारा एकच माणूस होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या सुतळ्या कापून, गठ्ठे विस्कटून ठेवले असते आणि गाठी तुटलेल्याच मिळाल्या असं सांगितलं असतं, तर कोण विचारणार होतं? अप्पांच्या मनात हे आलं. चांगली पाच-दहा मिनिटं राहिलं. चार वर्षांवर पेन्शन, बत्तीस वर्षांत शाईचा एक डाग नाही. त्यांनी कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग ती सटवाजीला हाक मारून त्याच्या हवाली केली आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अप्पा, आता बाईंना आणायचं कसं? आठ हजार कार्डं पुन्हा पाडायची. त्यांच्याइतका वेगाचा हात दुसरा नाही."

"मी जातो," अप्पा म्हणाले.

रविवारी ते पाथरीला गेले. तानुबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण उठल्या नाहीत.

अप्पांनी सांगून टाकलं. गाठी, सुतळी, खाचा, सगळं.

"मशीनवर माझं काम रोज दुसरा माणूस तपासतो," तानुबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याचा मला कधी राग आला न्हाई. तिथं सगळ्यांचंच तपासत्यात. तुमी तपासलं न्हाई, अप्पा. तुमी माणूस बगितलं."

अप्पांनी मान खाली घातली.

"मी येते. पण जिथं ते वाचलं, तिथंच हे वाचायचं. सगळ्यांपुढं. आन् सायबांनी न्हाई, तुमी वाचायचं."

सोमवारी अकरा वाजता अप्पांनी वाचलं. तक्रार लिहिली होती त्याच अक्षरात माफी लिहिली होती, पण वाचायला तक्रारीपेक्षा दुप्पट वेळ लागला. सटवाजी भिंतीकडे बघत होता. टंकलेखन थांबलं होतं. 'चूक माझी एकट्याची' इथं आवाज फुटला, तेव्हा अप्पांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तानुबाईंनी कागद मागून घेतला, स्वतः एकदा पूर्ण वाचला, घडी करून पिशवीत ठेवला. साहेबांनी खणातला नेमणुकीचा कागद काढून सही केली.

मग दोघं कामाला बसले. कार्डावर आकड्यांच्या ओळी छापलेल्या असतात, ज्या आकड्यावर भोक तो आकडा वाचायचा. खाच कडेला होती, आकडे शाबूत होते. अप्पा खिडकीशी बसून कार्ड उजेडाला धरून वाचत होते, तानुबाई नव्या कार्डावर पाडत होत्या.

"गाव एकशे चार. विहीर दोन. मार्च त्र्याहत्तर. पाणी शून्य."

खट, खट, खट.

"विहीर तीन. पाणी शून्य."

जेवणाची वेळ झाली, माणसं उठून गेली. तानुबाई उठल्या नाहीत, म्हणून अप्पाही उठले नाहीत. पहिला गठ्ठा संपला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तानुबाई, अजून राग हाय का माझ्यावर?"

त्यांचे हात मशीनवर थांबले. त्यांनी अप्पांकडे सरळ पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "फुडलं वाचा."

अप्पांनी चष्मा लावला, पुढचं कार्ड उजेडाला धरलं आणि वाचू लागले.