चौथ्या नंबरचा धागा

मी एक जुना नायलॉनचा धागा आहे. बांबूच्या काडीच्या टोकाला चिकटवलेला, बोटभर लांबीचा, आठ भावंडांतला चौथा. मित्रांनो, टोचणाऱ्यांपासून सगळे लांब राहतात. मी मात्र टोचण्यासाठीच जन्मलो आणि त्याचा मला अभिमान आहे.

थायलंडमधल्या सोंगख्लाच्या किनाऱ्यावर चामनोंग नावाचे मच्छीमार राहतात. त्यांच्या गळाच्या पेटीतून त्यांच्या लेकीने मला कापून काढले. ती डॉक्टर विलायवन, शरीरात दुखणे कसे तयार होते याचा अभ्यास करणारी. घरात तिला कुंग म्हणतात, म्हणजे कोळंबी.

"एवढं शिकवलं ते माझा दोरा कापायला का गं, कुंग?" चामनोंग म्हणाले.

"तुमच्याच पाठीसाठी चाललंय, बाबा."

चामनोंगना नागीण झाली होती. फोड बरे झाले, कातडी स्वच्छ झाली, पण सदरा टेकला तरी पाठीची आग होई. म्हणून ते उघड्यानेच वावरत. दवाखान्यात सांगत, तिथे काही नाही. शेजारी म्हणत, म्हाताऱ्याला लेकीकडून लाड हवेत. जखम गेल्यावरही दुखणे मागे का राहते, हे शोधण्यात कुंगने आयुष्य घातले.

माझे काम सोपे होते. पांढऱ्या उंदराला जाळीवर ठेवायचे आणि मी वाकेपर्यंत मला खालून त्याच्या पंजाला टेकवायचे. मी बरोबर दोन ग्रॅमच्या दाबाला वाकतो. निरोगी उंदीर माझ्याकडे ढुंकून पाहत नाही, दुखणे असलेला मात्र लगेच पंजा उचलतो. प्रयोगशाळेतल्या पिकुनमावशी रोज सकाळी मला वजनकाट्यावर दाबून दोन ग्रॅम भरतात का ते बघत. वर्षातून एकदा प्रयोगात मेलेल्या उंदरांना पुण्य लाभावे म्हणून त्या भिक्खूंना जेवण देत, त्या सकाळीही आधी माझे वजन होई.

एका वर्षी नवे औषध आले. औषधाआधीची मोजणी कोरड्या दिवसांत झाली, नंतरची नोव्हेंबरच्या पावसात. उंदीर पंजे उचलेनात. औषध न दिलेल्या उंदरांची पाळी अजून यायची होती, पण आनंदाला धीर कुठला? मावशींनी नारळाच्या दुधातला चिकट भात आणला, कुंग शोधनिबंध लिहायला बसली आणि त्या गडबडीत मला आठवडाभर काट्यावर ठेवायचे राहून गेले. दमट हवेने मी मऊ पडलो होतो. मला ते कळत होते आणि फार लाजही वाटत होती, पण सांगणार कसे?

कुंग दर वर्षी मला घरी नेऊन बाबांची पाठही तपासायची. मी टेकलो की ते कळवळायचे. त्या पावसात नेले तेव्हा मात्र ते शांतपणे जाळे विणत राहिले.

"दुखलं का, बाबा?"

"तू लावलंस कुठे अजून? मी आपला दात आवळून बसलोय."

कुंगचा चेहरा फुलला. "बरं वाटायला लागलंय तुम्हाला. सदरा घाला बघू."

"कालच घातला होता देवळात जायला. दारातूनच परत आलो."

"मग यानं कसं दुखत नाही?"

"पाठ तीच आहे गं. तुझा दोरा ढिला पडलाय. पावसात माझाही पडतो, म्हणून तर पेटीत ओल शोषायला भाजलेले तांदूळ ठेवतो. कोळ्याची पोर तू, आणि एवढं विसरलीस?"

सकाळी कुंगने मला काट्यावर दाबले. एकच ग्रॅम भरला. म्हणजे उंदीर बरे झाले नव्हते, मीच हलका टोचत होतो. तिने निबंध थांबवला आणि सगळ्यांना बोलावून चूक सांगितली. प्रयोगशाळेत तिला आचान म्हणत, म्हणजे गुरू.

"आचान, माझ्यामुळे झालं," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"नाही, मावशी. हवं तेच उत्तर आलं म्हणून मीच तपासलं नाही."

कोरड्या खोलीत सगळे पुन्हा मोजले, दीड वर्ष. औषध फारसे चालले नाही. पण नीट मोजताना वेगळेच हाती लागले. जखम बरी झाल्यावरही पाठीच्या कण्यातल्या काही पेशी साध्या स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या वाटेला लावत होत्या. कुंगने त्यांचे चित्र बाबांना दाखवले.

"म्हणजे मी सोंग करत नव्हतो?"

"नव्हता, बाबा."

चामनोंगनी ते चित्र मागून घेतले आणि शेजारच्या घरोघरी दाखवून आले. उघड्या अंगानेच.

आता माझे काम यंत्र करते. मी भाजलेल्या तांदळाच्या बरणीत मजेत राहतो, तरी कुंग रोज सकाळी मला काट्यावर दाबून बघते. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणी "दुखतंय" म्हणाले आणि तुम्हाला काहीच दिसले नाही, तर त्याला खोटे ठरवण्याआधी आपलाच धागा ढिला पडला नाही ना, तेवढे बघा.